दीपनाडूचा नियम

वरुणराव तंजावूरच्या एका शाळेत फिजिक्स शिकवत आणि देवाचं नाव काढलं की फणा काढत. लहानपणी मात्र त्यांनी आणि धाकट्या बहिणीने, शांभवीने, मिळून एक अख्खा देश रचला होता: दीपनाडू. तिथे एका घरचा दिवा विझला की त्याच क्षणी दुसऱ्या कुठल्या तरी घरी पेटतो. हे कोण करतं, यावर दोघं पन्नाशी उलटली तरी भांडत. वरुणराव म्हणत, कोणी नाही, तो तिथला नियमच. शांभवी म्हणे, देवी ज्योत पदराआड धरून या घरून त्या घरी नेते.

यंदा शांभवीच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं, तशा सासरच्या बायका कुजबुजल्या: हिने दोन वर्षं कुलदेवीपुढे माविळक्कू, तांदळाच्या पिठाचा तो गोड दिवा, लावला नाही, दुसरं काय होणार! वरुणराव त्यांच्यावर कडाडले खरे, पण घरी त्यांचा जीव थाऱ्यावर राहीना. फॅन लावायचे, बंद करायचे, बसायचे, पुन्हा उठायचे. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी या गृहस्थाने स्वतःच पीठ-गूळ मळला, देवळात जाऊन बहिणीच्या नावाने तुपाची वात लावली आणि प्रसादाचा डबा घेऊन टाऊन बसने हॉस्पिटल गाठलं. ऑपरेशनआधी तिला काही खायचं नाही, याचंही भान नव्हतं.

"लावून आलो बघ! तुझी देवीच खरी, शांभवी. मी हरलो."

शांभवीचा चेहरा उतरला. "मणजे अण्णा, तुलाही तसंच वाटतं? मी चुकले मणून देवीने हे केलं?"

वरुणरावांनी डबा झटकन पाठीमागे लपवला. धीर द्यायला आले आणि बहिणीच्याच जिवाला घोर लावून बसले.

"इतकी वर्षं मला देवी हवी होती," ती म्हणाली. "आज नको. माझंच घर तिने का निवडलं, हे विचारत मी आत निजू का? तू नियम सांग. भांडायचास तसा सांग."

वरुणराव वर्गात राहतात तसे ताठ उभे राहिले. "दीपनाडूत दिवा कोणाच्या चुकीने विझत नाही. कोणी रागाने विझवत नाही."

"आणि पेटवतं कोण?"

"कोणीच नाही," ते म्हणाले, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या नियमाची भीती वाटली: मग हिच्यासाठी विनवायचं तरी कोणाला?

शांभवीने डोळे मिटले. "हां, मग ठीक," म्हणाली आणि स्ट्रेचरवर निवांत आडवी झाली.