मागच्या चाकाची जाळी

आत्या काल गेली.
तिने मला एकच प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर मला शेवटपर्यंत देता आलं नाही.

मार्गासनी गावात तिला सगळे ट्रॅफिक हवालदार म्हणायचे. कुणाचीही बायको, सून, लेक गाडीवर मागे बसली की ओट्यावरून हिची हाक यायची, "पदर आवर गं."
गाडी वळणापार जाईपर्यंत ही उभी.
आम्ही हसायचो. मी जरा जास्तच. संस्कृत शिकल्याने माणसाला हसायला फार विषय मिळतात.

दोन वर्षांपूर्वी पुण्यात मोटारसायकलींच्या डिझाईनचं प्रदर्शन लागलं होतं. मी सहज फोनवर बोललो, तर म्हणाली, "पंडित, मला ने."
ऐंशी पार केलेली बाई. आयुष्यात सायकलचा हँडलही धरलेला नाही.
मी म्हटलं, आत्या, लायसन काढायचा विचार आहे का?
हसली नाही.

म्युझियमच्या दारात तिने चपला काढल्या. मी परत घालायला लावल्या.
आत पांढऱ्या चौथऱ्यांवर गाड्या, वरून एकेक दिवा. गाभाऱ्यात असतो तसा.
आत्या टाकीकडे बघेना, हँडलकडे बघेना. प्रत्येक गाडीला वळसा घालून थेट मागच्या चाकाशी. गाडीच्या डाव्या अंगाने. वाकून बघायची आणि पुढच्या गाडीकडे.
मी म्हटलं, आत्या, देवाला उलटी प्रदक्षिणा घालत नाहीत.
तिचं लक्षच नव्हतं.

माहिती सांगायला एक काळ्या टी-शर्टातली मुलगी होती. गोड होती. टाकीचा आकार पाण्याच्या थेंबावरून कसा घेतला, ते मनापासून सांगत होती.
आत्याने तिला मध्येच थांबवलं.
"पोरी, मागल्या चाकाची जाळी कुटं हाय? साडी अडकू नये म्हणून असती ती."
"आजी, साडी गार्ड डिझाईनमध्ये नाही येत. ती ॲक्सेसरी. नंतर लावतात."
"मागं बाईमाणूस बसणार, हे गाडी काढताना ठावं नव्हतं व्हय?"
खरं म्हणजे त्या मुलीचा काय दोष.
"बरं, ऱ्हाऊ दे. कवापासनं लावाय लागले, तेवढं सांग."
मुलीने तिथल्या साहेबांना बोलावलं. साहेबांना माहीत नव्हतं. तिने मोबाईलवर शोधलं, मीही शोधलं.
चाकाला संस्कृतात किती शब्द आहेत ते मी सांगू शकलो असतो. त्या जाळीबद्दल काही नाही.

बाहेर बाकावर बसलो तेव्हा तिने सांगितलं.

तिची थोरली बहीण, अक्का, अपघातात गेली एवढंच आम्हाला माहीत होतं. त्यापुढे घरात कुणी बोलायचं नाही.
साल छप्पनच्या आसपासचं. माझे वडील तेव्हा पुण्यात गॅरेजमध्ये कामाला. मालकाची मोटारसायकल मागून पंचमीला गावी आले. अक्का माहेरपणाला आलेली, तिला सासरी उत्रोलीला सोडायची होती.
अक्का कायम नऊवारीत, पदर कमरेला खोचलेला.
वडिलांनी पुण्याहून गोल साडी आणली होती. आत्या तेव्हा चौदाची. हट्ट करून तिने ती अक्काला नेसवली. पदर मागे मोकळा सोडला. शहरातल्या बाया सोडतात तसा.
कामथडीच्या पुढे तो चाकात गेला.

वडिलांनी पुन्हा कधी मोटारसायकलला हात लावला नाही. आमच्या घरी गाडी का नाही, हे मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्या बाकावर कळलं.

"तवा जाळी मिळत असंल, तर दादाचं चुकलं. मिळत नसंल, तर माजं."
मी म्हटलं, आत्या, कुणाचंच चुकलं नाही.
"ते म्या इचारलं न्हाई, पंडित. मिळत व्हती का, तेवढं बघ."

बघितलं. पुण्यातली जुनी गॅरेजं पालथी घातली. एक म्हातारा मिस्त्री म्हणाला, होती की. दुसरा म्हणाला, छे, फार नंतर आली.
दर फोनला तिचं पहिलं वाक्य, "कळलं का?"
मी म्हणायचो, बघतोय.
खोटं तरी कुठलं सांगणार? मिळत होती म्हटलं तर वडील दोषी. नव्हती म्हटलं तर ती.
मागच्या आठवड्यात फोन झाला तेव्हा तिने विचारलंच नाही.

शेवटची साडी माहेरची असते. आता तिचं माहेर म्हणजे मीच.
दुकानदार म्हणाला, हल्ली गोल साडीच नेतात. मी नऊवारी घेतली.

नदीवर टेम्पोतून नेलं. टेम्पो निघाला आणि मला दिसलं, साडीचं टोक टेम्पोच्या बाजूच्या फाळक्याच्या फटीतून बाहेर आलेलं. खाली मागचं चाक.
मी ओरडून टेम्पो थांबवला. लोकांना वाटलं, काही राहिलं.
टोक आत घेतलं. तिच्या अंगाखाली नीट खोचलं.
तेवढंच जमलं.

आत्या, पदर आवरलाय.
नीघ आता निवांत.