गावच्या पोरांची जागा

विजयमाला शाळेत खिचडी शिजवते. मेडशीहून आत गेलेल्या रस्त्यावरचं गाव, पाचवीपर्यंतची शाळा, पोरं थोडी. वाढायला बसली की समोर कोणाचं पोरगं आहे हे ती बघत नाही. सरपंचाचा नातू दुसऱ्यांदा ताटली घेऊन आला तर त्यालाही म्हणते, "थांब ना बाप्पा, मागं उभे हायेत त्यायचं पहिले होऊ दे." तिची स्वतःची वैष्णवी पाचवीत होती. तिला नेहमी शेवटीच मिळायचं. एकदा ती घरी येऊन तोंड फुगवून बसली. "सगळ्यायले पोटभर देतं अन् मलेच कमी देतं तू." या तक्रारीचा विजयमालाला अभिमान वाटला होता. चार बायकांत तिने ती मुद्दाम सांगितली होती.

नवरा गेला तेव्हा वैष्णवी मांडीवर होती. सासरच्यांनी वाटणीचं पुढे पाहू म्हटलं, आणि पुढे कोणी पाहिलं नाही. रिसोडहून धाकटा भाऊ जगदेव आला. त्याने घरावर टिनाचे पत्रे टाकून दिले, सरपंचाकडे शब्द टाकून शाळेतलं काम मिळवून दिलं. रिसोडात त्याची सोयाबीन-तुरीची खरेदी आहे, माणसं ओळखतात. भाऊबीज त्याने एकदाही चुकवली नाही. त्यामुळे आपल्या मुलाचं, प्रज्वलचं नाव तुझ्या गावच्या शाळेत घालू, असं तो दोन्ही पोरं तिसरीत गेली त्या वर्षी म्हणाला, तेव्हा तिने एवढंच विचारलं, "पोराले इथं करमन का रे?"

"तो इथं कायले येते?" जगदेव हसला. "नावच फक्त. राहीन तो रिसोडातच, क्लासले जाईन."

मग त्याने समजावून सांगितलं. सरकारची निवासी शाळा आहे, तिची परीक्षा पाचवीत असते. लागला नंबर की बारावीपर्यंत राहणं, जेवण, पुस्तकं सगळं तिथेच. त्यातल्या बऱ्याच जागा खेड्यातल्या शाळेत शिकणाऱ्या पोरांसाठी राखलेल्या. शहरातल्या पोरांची मारामारी जास्त.

"वैशूही बसणार हाये नं त्या परीक्षेले," ती म्हणाली.

"बसू दे नं! दोघंही लागतीन. क्लासचे पेपर पाठवत जाईन मी तिच्यासाठी."

हेडमास्तरांनाही काही अडचण नव्हती. पट कमी झाला म्हणून शाळेवर गंडांतर यायचं, एक नाव वाढत होतं. हजेरीचं ते पाहणार होते.

जगदेवने शब्द पाळला. प्रज्वलने सोडवलेले पेपर तो दर महिन्याला पाठवायचा. वैष्णवी आधी खोडरबराने त्याची उत्तरं पुसायची, कागद फाटणार नाही अशा बेताने, आणि मग तोच पेपर नव्याने सोडवायची. सोडवून झालं की म्हणायची, "आई, प्रज्वलनं याच्यात अर्धे चुकवले होते." विजयमाला हसून म्हणायची, "गप ना माय, मामाजवळ नको बोलू."

निकाल लागला. गावच्या जागांमधली शेवटची जागा प्रज्वलला मिळाली. त्याच्या मागे, प्रतीक्षा यादीत पहिलं नाव वैष्णवीचं होतं. हेडमास्तरांनी आपल्या मोबाईलवर तिला दाखवलं आणि गमतीने म्हणाले, "तुझा मामेभाऊ नाही गेला तर तू जाशील बघ."

पुढे कुठून तरी तक्रार गेली. हा मुलगा गावात राहतच नाही म्हणून. चौकशीला साहेब येणार होते, त्या सकाळी जगदेव जीप घेऊन आला. प्रज्वलच्या अंगावर शाळेचा नवा गणवेश होता, शर्टावर दुकानातल्या घड्या तशाच.

"ताई, साहेबानं इचारलं तर आपल्या घरीच राह्यते म्हणजो."

"अन् वैशूचं?" तीन वर्षांत तिने पहिल्यांदा विचारलं.

"तिचं मी पाहीन. मी मेलो काय? सांग, तुह्यासाठी कधी मागंपुढं पाह्यलं का मी?"

पाहिलं नव्हतं. तिला त्याच्यावर रागावताही येईना.

साहेब दुपारी पोरांच्या जेवणाच्या वेळी आले. ओसरीवर पंगत बसली होती, कडेला पायरीवर वैष्णवीजवळ प्रज्वल होता. त्यांनी विजयमालालाच गाठलं. "हा प्रज्वल तुमचा भाचा ना? तुमच्याकडे राहतो?"

"हो," ती म्हणाली. "राह्यते."

पोरांनी हातातला घास थांबवून तिच्याकडे पाहिलं. मुन्ना नावाचं एक पोरगं फिसकन हसलं. साहेबांनी ते ऐकलं असावं. ते वैष्णवीकडे वळले.

"तू सांग बाळ. हा कुठे राहतो?"

वैष्णवीने आईकडे पाहिलं. विजयमालाने मान खाली घातली. खिचडीच्या पातेल्यात पाहत ती मनातल्या मनात म्हणत होती, बोल वैशू. मले नाही बोलता येत, तू बोलून टाक.

"आमच्या घरी," वैष्णवी म्हणाली.

"झोपतो कुठे?"

"आई मधात झोपते. हा भिंतीकडून, मी दाराकडून."

"आणि अभ्यास?"

"संगंच करतो आमी. मीच घेतो याच्याकडून पाढे."

साहेबांचं समाधान झालं. एवढं बारीकसारीक लहान पोर बनवून सांगणार नाही, असं ते हेडमास्तरांना म्हणाले. प्रज्वल मात्र वाकून बुटाची लेस बांधत बसला होता, ती केव्हाच बांधून झाली होती.

साहेब गेले, जगदेवची जीपही गेली, तेव्हा विजयमालाने मुलीला चुलीमागे ओढलं. "काहून म्हटलं तसं?"

"मंग?" वैष्णवी म्हणाली. "तू हो म्हणून बसली होती. तुले लबाड पाडू काय सगळ्या पोरायसमोर?"

विजयमालाच्या हातात पळी होती. ती ठेवायची कुठे हे तिला क्षणभर सुचेना. बाहेर पोरं ताटल्या वाजवून खिचडी मागत होती. कोणाला किती वाढलं याचं भान त्या दिवशी तिला राहिलं नाही.

जूनमध्ये प्रवेशाच्या दिवशी जगदेव तिलाही घेऊन गेला. पत्ता तिच्या घरचा, कोणी विचारलं तर ती हजर असलेली बरी. वैष्णवी म्हणाली, मलेही पाहाची हाये शाळा. नको म्हणायला कोणाला तोंड नव्हतं.

शाळा मोठी होती. वैष्णवी प्रत्येक खिडकीतून आत डोकावत चालली. एका खोलीत काचेच्या नळ्या होत्या, एका खोलीत छतापर्यंत पुस्तकं. जगदेव पोरासाठी खाट बघायला पुढे गेला. प्रज्वल रडवेला होऊन पेटीजवळ उभा होता, पेटीची एक कडी वैष्णवीच्या हातात होती. वसतिगृहाच्या बाई लगबगीने आल्या.

"मुलींनी इकडे नाही यायचं, तुमच्या खोल्या पलीकडे. नाव काय तुझं?"

वैष्णवीने नाव सांगितलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट, शाळेत सांगतात तसं सरळ उभं राहून. बाईंनी हातातल्या यादीवर बोट फिरवलं. मागचं पान उलटलं, पुन्हा पुढचं.

"सापडत नाही गं. लिहिताना सुटलं की काय? थांब, विचारून येते मी."

"नका इचारू मॅडम," विजयमाला म्हणाली. "नाव नाही तिचं."

"परीक्षेला नव्हती बसली?"

"बसली होती." पुढे जे बोलायचं होतं ते अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात जगदेव खोलीतून हाक मारायला लागला, ताई, पेटी आणा नं इकडे. "बसली होती. मार्क कमी पडले तिले."

बाई वैष्णवीकडे बघून हळहळल्या. "असू दे हं. अभ्यास वाढव जरा."

वैष्णवीने आईकडे पाहिलं नाही.

"हो," ती बाईंना म्हणाली. "मी याले पोचवाले आली." मग प्रज्वलला म्हणाली, "रडतं काय? धर तिकून," आणि तिने आपल्या बाजूने पेटी उचलली.