पूजेआधीच सुटलेले कोडे

वर्तमानपत्रातील शब्दकोडे सोडवावे आणि त्याची उत्तरे गुंफून चार गमतीच्या ओळी रचाव्यात, हा आम्हा पाच मित्रांचा नित्याचा खेळ. रचना सायंकाळीच गटावर पाठवावी, असा आमचा संकेत आहे. कुपवाडच्या कारखान्यात लेथ चालवणाऱ्या आमच्यातल्या एका मित्राला तो मुळीच मान्य नाही. पहिल्या पाळीला निघण्यापूर्वीच ते रचना पाठवून मोकळे होतात. पूजा आटोपून मी कोडे हाती घ्यावे, तर फोनवर उत्तरे हजर:

‘मुंगूस निघालं कंदील घेऊन,
तराजूत वांगी ठेवली तोलून.’

रागावलो, तर म्हणतात, “आवं गुरुजी, तुमी आधी फोन बघताच कशाला?”

मध्यंतरी माझ्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि आठवडाभर वाचन बंद झाले. कोडे चुकणार, याचेच मला अधिक दुःख होते. तेव्हा पाळी सुटताच हे दुचाकीवरून विश्रामबागेत माझ्या घरी येत आणि तेलकट बोट ठेवून कोड्यातली एकेक सूचना वाचत. मी कितीही अडलो, तरी उत्तर सांगत नसत.

“करा की इचार. मला कुठं घाई हाय?”

त्या आठवड्यात त्यांची एकही कविता गटावर आली नाही.

वाचनाची परवानगी मिळाली, त्या सकाळी पूजेहून उठतो, तो फोनवर त्यांच्या चार ओळी येऊन बसलेल्या. चांगले खडसावून लिहावे, म्हणून मी चष्मा लावला; पण कविताच आधी वाचली, सावकाश, दोनदा.