मॅचच्या आदल्या सांजेचं गाऱ्हाणं

आम्ही गाव सोडला तो खनिज वाहणाऱ्या रिकाम्या ट्रकमधून. बाबा ड्रायव्हर, आई त्यांच्या बाजूला, आईच्या मांडीवर धाकटा सुधाकर आणि खिडकीशी मी. मागच्या हौद्यात एक ट्रंक, पाण्याचं पिंप आणि तू बळेच चढवलेला फणस. हो काकी, तूच. दोडामार्गहून गोव्यातली डिचोली म्हणजे काही विलायत नव्हे, तासाभराची वाट, पण तू अशी रडलीस की शेजारच्यांना वाटलं आम्ही आफ्रिकेला निघालो. रवळनाथाच्या देवळासमोर बाबांनी ट्रक थांबवला, इंजिन चालूच ठेवलं आणि स्टिअरिंगवरूनच हात जोडले. आई म्हणाली, "खाली तरी उतरा." बाबा म्हणाले, "उतारलंय तर परत चढूचंय नाय." आणि गिअर टाकला.

ते वाक्य मी विसरले होते. काल संध्याकाळी ते मला पुन्हा आठवलं, आणि तेव्हापासून जेवण गोड लागलेलं नाही. तुला फोनवर अर्धवट सांगितलं, म्हणून हे सगळं लिहिते आहे.

इथे आलो तेव्हा खाणीच्या धुळीने सगळं लाल होतं. घर लाल, कपडे लाल, नाक शिंकरलं तर तेही लाल. हळूहळू मी खिडकीला जनेल म्हणायला लागले, खुर्चीला कदेल. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या सायकलचा भोंपू वाजला की पावासाठी धावायला लागले. शाळेत कोंकणी, घरात मालवणी आणि पुस्तकात मराठी, असं तीन ठिकाणी तोंड वळवताना कुठल्याच ठिकाणी कुणी मला आपली म्हणालं नाही. आम्ही 'भायले'. म्हणजे बाहेरचे. कुणी वाईट मनाने म्हणायचं नाही, पण म्हणायचं. बाबांना त्याचं काही वाटायचं नाही, किंवा वाटत असेल तर ते ट्रकमध्येच ठेवून घरी यायचे.

मग खाण बंद पडली. ट्रक मालकाच्या आवारात गंजत उभा राहिला आणि बाबा शाळेच्या मुलांची गाडी चालवू लागले. पण तोवर सुधाकर गोलकीपर झाला होता, आणि त्याने आमचं नशीबच बदललं. आमच्या इथल्या गावाच्या समोर नदी आहे. नदीपलीकडचा गाव पेडणे तालुक्यातला. दोन्ही गावांचे फुटबॉल क्लब इतके जुने की कुणाचा आधी निघाला यावरूनसुद्धा डोकी फुटली आहेत. वर्षातून एकदा हे दोन क्लब भिडतात. त्या दिवशी पलीकडे दिलेल्या आमच्या पोरीसुद्धा माहेरी फोन करत नाहीत. अशा गावाने एका भायल्याच्या पोराला गोलमध्ये उभं केलं. बाजारात बाबांना लोक 'गोलीचो बापूस' म्हणून ओळखायला लागले. काकी, इतक्या वर्षांत आम्हाला मिळालेला तो पहिला पत्ता.

पण हा खेळ देतो तसा घेतोही. मी लहान असताना इथल्या एका पोराने चेंडू चुकून आपल्याच गोलमध्ये मारला होता. आता त्याची पोरगी लग्नाची झाली, तरी त्याच्या घराकडे बोट दाखवून "तो, आपल्याच गोलांत मारपी" असं सांगतात. त्याच्या साखरपुड्याला आलेल्या पाहुण्यांनाही सांगितलं होतं. आणि तो तर इथलाच, सात पिढ्यांचा.

तर काल. मॅचच्या आदल्या सांजेला क्लबची सगळी पोरं इथल्या ग्रामदेवीच्या, सातेरीच्या देवळासमोर जमतात आणि गाऱ्हाणं घातलं जातं. एकजण देवीला मोठ्याने साकडं घालतो, बाकीचे प्रत्येक ओळीला "व्हय म्हाराजा!" म्हणतात. तुमच्याकडे होतं तसंच. यंदा गाऱ्हाणं घालणारे म्हातारबाबा अर्धांगाने अंथरुणाला खिळले. नव्या पोरांना चार ओळींच्या पुढे येत नाही. तेव्हा क्लबचे अध्यक्ष दत्ताराम, त्यांना सगळे दत्ताबाब म्हणतात, स्वतः परवा आमच्या दारात आले आणि बाबांना म्हणाले, "तुमचो आवाज बरो. फाल्यां तुमी घाला." म्हणजे उद्याचं गाऱ्हाणं बाबांनी घालायचं.

आईला आनंद लपवता येईना. तिने बाबांचा पांढरा सदरा दोनदा इस्त्री केला. मी साखळीहून, सासरहून मुद्दाम आले. बाबा दिवसभर पुटपुटत पाठ करत होते. त्यांना काय पाठ करायचं होतं? लहानपणापासून येत होतं ते सगळं, आणि तिथेच घोटाळा झाला.

देवळासमोर बाबांनी डोळे मिटले, हात जोडले आणि असा आवाज लावला की माझ्या अंगावर काटा आला. "बा देवा रवळनाथा!" पोरं ओरडली, "व्हय म्हाराजा!" सवयीने. कुणी ऐकलंच नाही. मी ऐकलं, आणि ट्रकमधलं बाबांचं ते वाक्य आठवलं. आईने ऐकलं, तिने माझा दंड इतका घट्ट धरला की अजून दुखतो. बाबा पुढे गेले, "बारा गावच्या बारा वहिवाटीच्या देवा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इलेली हत!" "व्हय म्हाराजा!" "तुझ्या लेकरांक उद्या यश दी!" "व्हय म्हाराजा!" "तेंच्या वाटेत जो आडवो येतलो, तेका धुळीक मिळव!" "व्हय म्हाराजा!"

रवळनाथ आपल्या मूळ गावचा, काकी. आणि रवळनाथच नदीपलीकडच्या त्या पेडण्याच्या गावाचा. सातेरीच्या पायरीवर उभं राहून आमच्या बापाने पलीकडच्यांच्या देवाकडे पलीकडच्यांसाठी यश मागितलं, आणि आमच्या अख्ख्या संघाने त्याला होकार भरला.

शेवटच्या "व्हय म्हाराजा"नंतर कुणीतरी हसलं. मग एकेकाच्या लक्षात आलं. दत्ताबाब बाबांच्या जवळ आले, आवाज न चढवता म्हणाले, "इतलीं वर्सां हांगाचें उदक पिलें, आनी तोंडांत देव थंयचो?" पाणी इथलं आणि देव मात्र तिकडचा. बाबांनी डोळे उघडले तेव्हा त्यांना काय झालं तेच कळेना. सुधाकरने सांगितलं. मी त्यांचा चेहरा पाहिला नाही, माझ्यात धीर नव्हता. ते पुन्हा गाऱ्हाणं घालतो म्हणाले, पण एकदा घातलेलं परत घेता येत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

कुणीतरी मोबाईलवर सगळं टिपलेलं. दिवे लागायच्या आत ते नदीपलीकडे पोहोचलं.

आज सकाळी मी पाव आणायला गेले तर दुकानातली बोलणी थांबली. दार ओलांडताना मागून ऐकू आलं, "बापूस मागून मोकळो जालो. आतां पूत सोडटलो." सोडणार म्हणजे गोल सोडणार. दोघा-तिघांनी सुधाकरला खेळवू नका असं दत्ताबाबांना सांगितल्याचंही कळलं. कोच हट्टी, म्हणून त्याचं नाव राहिलं. म्हणजे आज एक जरी चेंडू त्याच्या हातून आत गेला, तरी तो चेंडू बाबांनीच आत घातला असं होणार. सुधाकर पुन्हा गोलमध्ये दिसणार नाही, आणि आम्ही पुन्हा भायले. या वेळी वाईट मनाने.

सुधाकर जेवला नाही. हातमोजे घालायचा, काढायचा. बाबा मॅचला येणार नाही म्हणाले. मग आम्ही निघालो तेव्हा मागून चपलांचा आवाज आला. तोच इस्त्रीचा सदरा घालून ते आमच्या मागे चालत होते.

मैदानावर यंदा पोलीस जास्त होते. मैदानाच्या एका टोकाला आमचे लोक, दुसऱ्या टोकाला पलीकडचे. ढोल वाजत होते, पण आमच्या बाजूचे ढोल बाबांना पाहून थांबले. आणि मग पलीकडून टाळ्या सुरू झाल्या. त्यांच्या दोन माणसांनी पुढच्या रांगेत एक खुर्ची आणून ठेवली, तिला झेंडूचा हार घातला. एकजण हात हलवत ओरडला, "काका, तुमी आमचेच! हांगा येवन बसात, कदेल दवरलां!" सगळं टोक हसलं.

आमच्या टोकाला कुणी हसलं नाही, कुणी बसायला जागाही सरकवली नाही. बाबा मधल्या रेषेजवळ एकटे उभे राहिले. मला त्या क्षणी त्यांची लाज वाटली, आणि लाज वाटली याचा इतका राग आला की मी दत्ताबाबांना काहीतरी बोलणारच होते. तेवढ्यात बाबा चालू लागले. खुर्चीकडे नाही, आमच्या लोकांकडेही नाही. सुधाकर आमच्या टोकाकडच्या गोलमध्ये उभा होता. त्याच्या जाळीमागे चुन्याची रेघ सोडून ते तसेच लाल मातीवर बसले, पांढऱ्या सदऱ्यासकट.

मी धावत गेले. "बाबा, हाफ टाइमला गोल बदलतात. मग सुधाकर त्यांच्या टोकाला जाईल. तिथे ते तुम्हाला बोलून बोलून मारतील."

"बोलांदेत," बाबा म्हणाले. "मगे मीय थंय जातलंय."

काकी, तू दर फोनला विचारतेस, आता घर म्हणजे तुम्हाला कुठलं वाटतं, हे की ते. इतक्या वर्षांनी आज सांगते. मी बाबांच्या शेजारी मातीत बसले. सुधाकरने एकदा मागे वळून पाहिलं, आम्ही दोघं आहोत ना याची खात्री केली आणि हातमोजे आवळले. पंचाने शिट्टी तोंडाला लावली.