पत्र्याच्या घरात उष्माघातानं गाठलं

"मावशी, हा हीट स्ट्रोक आहे," बोरीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

हीट स्ट्रोक म्हणजे उष्माघात. अंग स्वतःला थंड करेनासं होतं आणि आतली उष्णता मेंदूपर्यंत चढते. माझ्या नवऱ्याचा ताप एकशे सहा होता. "तापाच्या गोळीनं हा उतरणार नाही. अंग थंड करावं लागेल," असं सांगून त्यांनी बर्फ मागवला. काखेत, मानेखाली, जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवल्या.

आम्ही परभणीचे. हे चित्रकलेचे शिक्षक, मी अंगणवाडी सेविका. निवृत्त झाल्यावर आम्ही एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. सीटा काढून आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवली. गावोगाव फिरायचं, लेणी बघायची, ह्यांनी चित्रं काढायची. हिवाळा मजेत गेला. मे महिन्यात वेरूळहून परतताना बोरीच्या अलीकडे गाडीतला पंखा बंद पडला.

भर दुपारी हे पंखा उघडून बसले. मी बाहेर बाभळीच्या सावलीत होते. "अहो, ऊन उतरल्यावर करा," मी दोनदा म्हणाले. "झालंच," एवढंच उत्तर. तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा ते म्हणाले, "पोरांना वर्गात बसव, मी आलोच."

मला वाटलं, थट्टा करायलेत. आत जाऊन हात धरला तर कातडी तव्यासारखी तापलेली आणि कोरडी. घामाचा थेंब नाही. उठायला गेले आणि तिथंच कोसळले.

टाकीचं पाणीही कढत झालं होतं. शेजारच्या शेतातली सुमनबाई माझी हाक ऐकून धावत आली. "पाणी तोंडात घालू नका, ठसका लागंल. अंगावर वता," म्हणाली. विहिरीच्या गार पाण्यानं तिनं माझी एक साडी भिजवून ह्यांना गुंडाळलं. फोन लावला तर अँब्युलन्स जिंतूरहून यायची होती, उशीर लागणार होता.

लेकीनं मला मोकळ्या रानात गाडी शिकवली होती. डांबरी रस्त्यावर मी एकटीनं कधी चालवली नव्हती. सुमनबाईला मागं बसवलं. "तुमी पाणी वतत ऱ्हावा, मी बोरीच्या दवाखान्यात नेते," मी म्हणाले आणि किल्ली फिरवली. सगळ्या खिडक्या उघड्या ठेवल्या. दुसऱ्या गिअरच्या वर गेले नाही, पण थांबलेही नाही.

ताप उतरल्यावर ह्यांना परभणीला हलवलं. लघवी चहासारखी काळपट येत होती. तिथल्या डॉक्टरांनी क्रिएटिनिन तपासलं. रक्तातल्या ह्या घटकावरून किडनी किती काम करते ते कळतं. ते वाढलेलं होतं. "दोन दिवस वाट बघू. नाही उतरलं तर डायलिसिस," ते म्हणाले. डायलिसिस म्हणजे मशीननं रक्त साफ करणं.

ते दोन दिवस मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर काढले. लघवीच्या पिशवीतलं माप दर चार तासांनी वहीत लिहायचं काम नर्सबाईंकडून मी मागून घेतलं. नुसतं बसून राहिले असते तर खचले असते. तिसऱ्या दिवशी रंग फिका झाला, क्रिएटिनिनही उतरू लागलं आणि डायलिसिस टळलं. चौथ्या दिवशी ह्यांनी डोळे नीट उघडले आणि विचारलं, "पंखा जोडला का?"

मी पहिल्यांदा तेव्हा रडले.

घरी जाताना डॉक्टरांनी सांगितलं, "बीपीची तुमची गोळी लघवी जास्त करवते, अंगातलं पाणी कमी होतं. उन्हाळ्यात ती बदलू. आणि दुपारी त्या पत्र्यात बसायचं नाही." गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका, हेही बजावलं.

गाडी विका, असं सगळे म्हणाले. आम्ही विकली नाही. छताला बाहेरून पांढरा रंग दिला, आतून थर्माकोल लावून वर प्लायवूड ठोकलं. सकाळी दहाच्या आत गाडी झाडाखाली लावायची आणि दुपारभर बाहेर सावलीत राहायचं, हे ठरवून घेतलं.

तुमच्या घरी कुणी उन्हातून आल्यावर असंबद्ध बोलायला लागलं, तर थट्टा समजू नका. आधी गार करा, लगेच दवाखाना गाठा. सुमनबाईला ते माहीत होतं, म्हणून आज हे आहेत.

ह्या वैशाखात आम्ही वालूरला लेकीकडं निघालो. वाटेत एक मोठं कडुलिंबाचं झाड लागलं. अजून नऊच वाजले होते, दीड तासात पोचलो असतो. हे म्हणाले, "गाडी घे बाजूला. संध्याकाळी जाऊ."

मी गाडी सावलीत घेतली, चटई टाकली, आणि हे चित्राची वही उघडून बसले.