रुंद टायर

गेल्या आठवड्यात महाल भागातल्या टायरच्या दुकानात उभा होतो. नव्या रबराचा उग्र वास नाकात गेला आणि खापरखेड्याच्या रस्त्यावरचं ते वळण डोळ्यांसमोर आलं.

धाकटा भाऊ प्रशांत तेव्हा खापरखेड्याला नुकताच नोकरीला लागला होता. त्याच्या मोटारसायकलचा मागचा टायर झिजला म्हणून आम्ही याच दुकानात आलो होतो. दुकानदार म्हणाला, "रिम बारीक आहे गा. रुंद टायर त्यात दाबून बसते, मधून फुगते. मग गाडी वळवाले जड जाते."

प्रशांतने माझ्याकडे पाहिलं. "दादा, काय करू?"

रुंद टायरवर गाडी भारदस्त दिसते, पकडही वाढते, अशी माझी समजूत होती. मी म्हटलं, "रुंदच टाक."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुढे होता, मी मागे स्कूटरवर. वळणावर त्याने अंग झुकवलं, पण गाडी झुकेना. ती हट्टाने सरळ कडेच्या दगडांकडे जात राहिली. मला सगळं दिसत होतं आणि मी नुसता हॉर्न वाजवत होतो. अजूनही तो हॉर्न माझ्या अंगठ्यात आहे.

प्रशांतचा गुडघा आता वाकत नाही. पाहुणे विचारतात, तेव्हा माझ्यादेखत तो शांतपणे सांगतो, "रोडवर वाळू होती, गाडी घसरली."

त्या वळणावर वाळू नव्हती. दरवेळी मी तोंड उघडतो, आणि तो मला चहा घ्यायला सांगतो.