चिंचेनं घासलेली देवी

आमच्या देवळातली देवी संगमरवराची हाय. शहरातून आलेला कारागीर काल ओल्या कापसानं तिचा गाल पुसत होता, लेकराचं तोंड पुसावं तसा. मी बघतच राहिले.

"मावशी, हिला चिंच कोण लावायचं?"

"मीच की. धनी गेले तवापासून देवळाची झाडलोट माझ्याकडं हाय. घरातली तांब्याची भांडी चिंचेनं लखलखत्यात, म्हटलं देवीबी लखलखंल."

"आंबटानं हा दगड झिजतो, मावशी. चकाकी त्यानंच गेली."

मला वाटायचं, देवी मळतीय. जितकी फिकी दिसायची, तितकी मी जोरानं घासायची. नाकाची धार गेली, ओठ सपाट झालं, तरी म्हणायची, अजून मळ हाय. माणसांचंबी आपण असंच करतो. जीव लावायचा म्हणून घासत बसतो, आन् समोरचं झिजत जातं.

"तिचं तोंड परत येईल का रं बाबा?"

"नाही. आता आहे तेवढं जपायचं."

त्यानं कापूस माझ्या हातात दिला. "पुसा, पण हात हलका ठेवा."

जलमभर धुणीभांडी केली मी. हात हलका कसा ठेवायचा, ते मला कुणी शिकवलंच न्हवतं.